जसं आलं तसं

भाऊसाहेबांनी माझं एस.टी.चं तिकीट खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाले, "ताई, याची आजच झेरॉक्स काढून ठेवा. मशीनच्या तिकिटाची शाई महिनाभरात उडते. मग ऑडिटर विचारतो, हा कोरा कागद कशाला जोडलाय?"

मी "हो" म्हटलं आणि विसरले.

"अर्धंच आहे ना?" त्यांनी विचारलं. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बाहेरगावचा वक्ता बोलवायचा तर बाईच बोलवावी असं भाऊसाहेबांचं मत आहे. त्याआधी स्त्रियांना पुढे आणण्याबद्दल ते इतके उत्साही नव्हते, असं मला त्यांच्याच ऑफिसातल्या क्लार्क मुलीने उपम्याच्या वेळी सांगितलं.

मी सामाजिक संस्थांना डिजिटल सुरक्षेचं प्रशिक्षण देत फिरते. फोन कसा सांभाळायचा, पासवर्ड कसा ठेवायचा, खोटा मेसेज कसा ओळखायचा हे एका दिवसात सांगायचं, मध्ये दोन चहा आणि एक उपमा. सात-आठ जिल्हे झाले. संस्था दर वेळी वेगळी असते, कुठे वाचनालय, कुठे पाणलोटाचं काम, कुठे अंधशाळा. भाऊसाहेब मात्र तेच असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या, कुठे नुसतंच काका. खजिनदार असतात. सहकारी बँकेतून नाहीतर झेडपीतून रिटायर झालेले, खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल दुसऱ्याचं खोडायला. इथले भाऊसाहेब कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातले आहेत, पण तुम्ही तुमच्या ओळखीचे घ्या, काही अडणार नाही.

हा माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही. चहाची किटली आली की आधी डोकी मोजणार, मग कप. त्या दिवशी माणसं सोळा आणि कप अठरा निघाले, तर पासवर्डवरचं माझं सत्र सात मिनिटं तहकूब झालं. दोन कप वॉचमन आणि गॅसची टाकी द्यायला आलेला पोरगा यांच्या पोटात गेल्याचा छडा लागला, ते 'अभ्यागत' या सदरात पडले, तेव्हा कुठे आम्ही पुढे सरकलो. दूधवाल्याचं दूध ते नखावरून ओघळवून बघतात. सख्ख्या भावाने संस्थेला पंखा दिला तर त्याच्याकडे पंख्याचं बिल मागितलं. अध्यक्षांच्या हातून गेल्या वर्षी रिक्षाचे चाळीस रुपये व्हाउचरविना खर्च झाले, ते अजून अध्यक्षांच्या नावावर 'येणे' दिसतात.

आणि हाच माणूस पहाटे साडेचारला उठून, चूळ भरायच्या आधी, फोनवर जे काही येऊन पडलं असेल ते सगळं पुढे ढकलतो.

त्यांचे ग्रुप पाच. 'विश्वस्त मंडळ (अधिकृत)', 'विश्वस्त मंडळ (अधिकृत) नवीन', 'संस्था परिवार', 'आजी-माजी', आणि 'फक्त महत्त्वाचे'. शेवटच्यात सगळ्यांत जास्त गुलाब असतात. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं ठरवल्याची बातमी तर मी गावात पोचायच्या आधीच त्यांच्याकडून मला पोचली होती. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही, ती असली स्पर्धाच भरवत नाही. दोन हजारांच्या नोटेत चिप असून नोट जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्येच सगळ्यांना कळवलं होतं. पुढे २०२३ मध्ये ती नोट परत घेतली गेली, चिप काही निघाली नाही. भाऊसाहेबांच्या मते बँकेतल्यांनी ती आधीच काढून घेतली. 'नासा'ने दिवाळीच्या रात्री काढलेला भारताचा फोटो ते दर लक्ष्मीपूजनाला पाठवतात. मी त्यांना सांगितलं, हा फोटो दिवाळीचा नाही. १९९२ पासून २००३ पर्यंत कुठे कुठे दिवे वाढत गेले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवणारं, बऱ्याच उपग्रहचित्रांतून जुळवलेलं हे चित्र आहे.

"असेना," भाऊसाहेब म्हणाले. "दिवे आहेत ना?"

प्रत्येक मेसेजच्या खाली त्यांची एक ओळ ठरलेली: 'जसं आलं तसं पाठवलंय.' बँकेत असताना दुसऱ्या शाखेचा कागद पुढे पाठवताना ते असंच लिहीत. म्हणजे जबाबदारी मागच्यावर, आणि पुण्य आपलं.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, तेव्हा भाऊसाहेबांनी पाच-पाचचे हप्ते पाडले. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं, तर ते एकेक करून पाठवू लागले. टाळेबंदी होती, वेळ भरपूर होता. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण येते. हा मेसेज पुष्कळ हातांतून फिरून आलाय, जरा जपून, असा तिचा अर्थ. मी फळ्यावर ती खूण काढून विचारलं, "ही कशाची?" भाऊसाहेबांनी हात वर केला. "डबल खात्रीची."

आता हे सगळं खापर फोनवर फोडायचं का? मला तसं वाटत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा गावात मोबाइल नव्हता. भाऊसाहेबांनी स्टीलचा चमचा सोंडेला लावला, दूध उतरलं (पृष्ठताणाने कुठल्याही दगडावरून उतरतं), आणि त्यांनी धावत एस.टी.डी. बूथवर जाऊन इचलकरंजीच्या साडूला आणि मुंबईच्या मेव्हण्याला फोन केले. स्वतःच्या पैशाने. या माणसाने आयुष्यात पावती न मागता केलेला एवढाच खर्च असावा.

सुरक्षेच्या भागात मात्र भाऊसाहेबांनी मला जरा गोंधळात टाकलं. संस्थेचा कॉम्प्युटर दाखवा म्हटलं, तर त्यांनी आधी त्यावरचं क्रोशाचं कव्हर घडी घालून ठेवलं. मॉनिटरच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदकुंकू वाळलेलं होतं. मग करगोट्याची किल्ली काढून त्यांनी गोदरेजचं कपाट उघडलं, त्यातून एका बँकेची २०१७ सालची डायरी काढली आणि 'प' या अक्षराचं पान उघडलं. पासवर्ड. इन्कम टॅक्स, धर्मादाय, एनजीओ दर्पण, ईमेल, वीजबिल, सगळे एकाखाली एक, शाईने, सुवाच्य अक्षरात.

वहीत पासवर्ड लिहिणाऱ्यांची चेष्टा करायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. मी करत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या चोराला भाऊसाहेबांच्या करगोट्याची किल्ली काढता येणार नाही. अडचण वेगळीच होती. त्या पानावरचे सगळेच्या सगळे पासवर्ड एकच होते: संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. ते गेटच्या कमानीवर दोन-दोन फुटी अक्षरांत लिहिलंय, रात्री वर दिवाही असतो.

"पण नुसत्या पासवर्डानं काय होतंय?" भाऊसाहेब म्हणाले. "ओटीपी दादासाहेबांच्या मोबाइलवर येतो." दादासाहेब म्हणजे संस्थापक अध्यक्ष, वय अठ्ठ्याऐंशी, सध्या लेकीकडे नाशिकला. एक ते चार झोपतात. उठले तर फोन कानाला लावतात, मेसेज कुठे दिसतो ते त्यांना नातवाने सांगावं लागतं, आणि नातू क्लासला असतो. तोवर ओटीपीची दहा मिनिटं उलटून जातात. मी पुष्कळ ठिकाणी दोन टप्प्यांची सुरक्षा लावून दिली आहे, पण इतकी अभेद्य कुठे पाहिली नाही. चोरालाच काय, संस्थेलाही आत जाता येत नाही. नंबर बदलायला विश्वस्तांचा बदल अर्ज मंजूर व्हायला हवा, तो धर्मादाय कार्यालयात आहे, आणि त्याची स्थिती ऑनलाइन बघायची तर ओटीपी दादासाहेबांकडे येतो.

एका गोष्टीवर मात्र मला हसू आलं नाही. देणगीदारांची यादी कपाटात, कुलपात. संस्थेच्या वसतिगृहातल्या बेचाळीस मुलींची नावं, फोटो, आधार क्रमांक आणि आईबापांचे फोन नंबर 'संस्था परिवार' या ग्रुपवर, 'माहितीसाठी' म्हणून. त्या ग्रुपमध्ये मंडप-डेकोरेशनवालाही आहे. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा मी काढला तर भाऊसाहेब म्हणाले, "मुलींची कसली आलीय माहिती? पैसे थोडेच आहेत त्यांच्याकडे." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. ती यादी त्यांच्याच हाताने डिलीट करवली. दोन दिवस उलटले असते तर तेही सगळ्यांच्या फोनवरून झालं नसतं.

जेवणानंतरचं सत्र झोपेचं असतं, म्हणून मी तिथे राईनपाडा ठेवते. या संस्थेत तर ते सांगायलाच हवं होतं, कारण वसतिगृहात ऊसतोड्यांच्या मुलींबरोबर भटक्या समाजातल्याही मुली आहेत. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथे आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. दोघे मोटारसायकलवरून येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. मी तो पूर्ण लावते. पूर्ण व्हिडिओत तेच दोघे वळून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक धरतात. मुलांना जपा, असं सांगणारी कराचीतल्या एका संस्थेची ती जाहिरात होती. आपल्याकडे येताना कुणीतरी शेवट कापला.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "परत लावा." मी लावला. पोर खाली ठेवल्यावर त्यांनी हात वर केला, म्हणजे थांबवा.

"हा मी पाठवला होता. आमच्याकडे अर्धाच आलेला. जसं आलं..."

पुढचे शब्द आले नाहीत. क्लार्क मुलीने पंख्याचा रेग्युलेटर उगीच एकावरून दोनावर केला.

मग चार वाजता त्यांचा फोन वाजला. भाऊसाहेब फोन नेहमी स्पीकरवर घेतात, कानाला लावला की रेडिएशन होतं असं त्यांना आलेलं आहे.

"सर, मैं आर्मी से बोल रहा हूँ. आपके होस्टल की बच्चियों के लिए इक्यावन हजार देना है."

भाऊसाहेब उठून उभे राहिले आणि खिशातून निळं पेन काढलं. मी हातवारे करून 'ठेवा, ठेवा' सांगत होते. त्यांनी मला हातानेच खाली बसवलं.

"बोलो साहेब. पूरा नाव बताव. पिताजी के नाव के साथ."

त्याने नाव सांगितलं. भाऊसाहेबांनी स्पेलिंग विचारलं. त्याने स्पेलिंग सांगितलं. ते पॅनकार्डावर असंच आहे का ते विचारलं.

"सर, मैंने क्यूआर भेजा है, आप स्कॅन कीजिए."

"वो बाद में. पॅन नंबर बोलो. पॅन के बगैर ऐंशी-जी का पावती नहीं निकलता. हमको टेन-बीडी भरना पडता है. ये दान जनरल में डालू के कॉर्पस में? कॉर्पस को लेखी पत्र लागता."

"सर, आर्मी का रूल है, पहले आप स्कॅन करके पिन डालो, फिर पैसा आपके खाते में आएगा."

"पैसा कौन देता? तुम. लेता कौन? हम. पावती पे सही मैं करेगा. चेक पे सही देनेवाला करता. लेनेवाला कायको करेगा? कौन से बँक में ऐसा होता?"

तो चिडला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. त्याने तीनदा नव्याने सुरुवात केली. भाऊसाहेबांनी तीनदा पॅन मागितला, पत्ता पिनकोडसकट मागितला, युनिटच्या लेटरहेडवर दोन ओळी मागितल्या, आणि रोख देणार असाल तर दोन हजारांच्या वर सवलत मिळत नाही हेही आपणहून समजावलं. बावीस मिनिटं. सोळा माणसं श्वास रोखून ऐकत होती. माझ्या कुठल्याही सत्राला कुणी असं बसलेलं नाही. शेवटी पलीकडून थकलेला आवाज आला, "अंकल, आप रहने दो," आणि फोन बंद झाला.

भाऊसाहेब हळहळत खाली बसले. "माणूस चांगला होता हो. कागदपत्रं पुरी नव्हती."

मी सांगितलं की हा लबाड होता, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. कुणाचे गेले तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा, उशीर झाला नाही तर वाटेतल्या खात्यात अडवता येतात. भाऊसाहेबांनी १९३० डायरीत 'प'च्या पानावर लिहिलं. पण लबाड हा शब्द त्यांना मान्य नव्हता. "पुराव्याशिवाय कुणाला लबाड कसं म्हणायचं?" रकमेची नोंद त्यांनी पेन्सिलीने केली, 'अपेक्षित देणगी' म्हणून.

मला राहवलं नाही. "भाऊसाहेब, त्याला एवढं सगळं विचारलंत. कोण, कुठला, सही कुणाची, कागद कुठाय. पहाटेच्या मेसेजला यातलं एक तरी विचारता का?"

ते माझ्याकडे बघत राहिले, लहान मुलाने भलतंच काही विचारावं तसे.

"अहो ताई, त्यात पैसे कुठं होते?"

दीड महिन्याने क्लार्क मुलीचा फोन आला. प्रशिक्षणाचा परिणाम झाला होता. पासवर्ड बदलण्यासाठी रीतसर सभा बोलावली गेली, अजेंडा सात दिवस आधी, सूचक भाऊसाहेब, अनुमोदक दादासाहेब (नाशिकहून, फोनवर). ठराव क्रमांक सात एकमताने मंजूर झाला. नवीन पासवर्ड चौदा अक्षरांचा, त्यात चिन्हं वगैरे सगळं, मी सांगितलं होतं तसाच. तो ठरावात नमूद करून इतिवृत्ताच्या प्रती सर्व विश्वस्तांना पोस्टाने रवाना झाल्या.

आणि पहाटे साडेचारला आता गुलाब येत नाहीत. कुणी काही पाठवलं की भाऊसाहेब खाली लाल रंगाची खूण टाकतात आणि लिहितात, 'आधार जोडावा.' दादासाहेबांनी लिंबूपाण्याने गुडघेदुखी जाते असं कळवलं, त्यांनाही 'आधार जोडावा'. एका विश्वस्ताने नातवाच्या बारशाचा फोटो टाकला, त्यालाही. तिसऱ्या आठवड्यात 'फक्त महत्त्वाचे' हा ग्रुप रिकामा झाला. एक जण जाताना 'आपल्या जाचाला कंटाळून' असं लिहून गेला, ते भाऊसाहेबांनी छापून फाईलला लावलं.

माझं मानधन मात्र अजून यायचंय. प्रवासखर्चाचं तिकीट मी पर्समधून काढलं तेव्हा पांढरंशुभ्र झालेलं होतं. नशिबाने त्या दिवशी बसमध्येच मी त्याचा एक फोटो काढून ठेवला होता, तो भाऊसाहेबांना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं.

'ताई, नमस्कार. फोटो मिळाला. फोटोत फेरफार करता येतो हे आपणच आम्हाला शिकवलंत. म्हणून तो आपण दाखवल्याप्रमाणे गूगल लेन्समध्ये टाकून पाहिला. असली तिकिटं पुष्कळांकडे आहेत असं आढळून आलं. तरी मूळ प्रत जोडावी. कळावे.'